नाशकात लॉजवर

नाशिकला फिरायला जाऊ या, असं मी घरात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सासूबाईंनी तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

कुणी गेलं नव्हतं. पण भाईंदरच्या आमच्या बैठ्या चाळीत त्या काळी माणूस नाशिकला दोनच कारणांनी जायचा. अस्थी घेऊन, नाहीतर लेक तिकडे दिली असेल तर लेकीकडे. किराणावाल्या शेठनंसुद्धा आवाज खाली करून विचारलं होतं, "नासिक? घर में सब ठीक है ना, बेन?" मी म्हटलं, "घूमने जा रहे हैं." त्यानं पुडा बांधून दिला, पण त्याला ते खरं वाटलं नाही हे मला दिसलं.

ही आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी गावातल्या शाळेत चौथीला शिकवायची. माहेर कुलाबा जिल्ह्यातलं, अलिबागच्या अलीकडचं. लग्न झाल्यावर लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरले ती थेट भाईंदरला आले. दर वर्षी भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर सह्याद्री काढायची, त्याच्या डावीकडे कोकण आणि उजवीकडे देश लिहायची. घाट चढून गेलं की हवा बदलते, पिकं बदलतात, बोली बदलते, असं पोरांकडून घोकून घ्यायची. मी स्वतः एकही घाट चढले नव्हते. उत्तनच्या एका मुलीनं एकदा वर्गात विचारलं, "बाई, घाटावरून दर्या दिसतो का?" मी तिला गप्प बसवलं, कारण मला माहीत नव्हतं. तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

त्या मुलीच्या वडिलांकडे काळी ॲम्बॅसेडर होती. उत्तन, गोराई, वसईकडच्या लग्नांना ते ती भाड्यानं द्यायचे, स्वतःच चालवायचे. पालकांच्या सभेला आले तेव्हा मी विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, "दिवाली झाली का या, टीचर. नाताळात मना टाइम न्हाय."

मला तीन दिवस हवे होते. पहिल्या दिवशी घोडबंदर रस्त्यानं ठाण्याला, तिथून कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, संध्याकाळी गोदाकाठ आणि बाजार. दुसऱ्या दिवशी अंजनेरीच्या पायथ्यानं त्र्यंबक आणि येताना गंगापूरचं धरण. तिसऱ्या दिवशी पांडवलेणी बघून घाट उतरायचा. शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवरून काढून मी टेबलावर पसरायची आणि मधल्या सुट्टीत त्यावर बोट फिरवत बसायची. पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त हवी होती ती लॉजची खोली. सकाळी उठल्यावर चहा कोण टाकणार, हा प्रश्न जिथे नाही अशा जागी मला लग्नानंतर एकदा तरी जागं व्हायचं होतं.

यांना मी ते रात्री जेवताना सांगितलं. हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीवर यांचं एकच उत्तर असायचं, "बघू." त्या "बघू"च्या मागे लागून लागून मी यांना वळवलं. कारखान्याचा माल नाशिकच्या भांडी बाजारात जायचा. तिथल्या एका दुकानदारानं बाजाराजवळच्या लॉजमध्ये खोली सांगून ठेवली. सासूबाईंना आम्ही एवढंच कळवलं की तीन दिवसांसाठी जातोय.

"मग ताईकडेच उतरणार," त्या म्हणाल्या.

हे म्हणाले, "बघू."

आता वन्संबद्दल सांगायला हवं. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, नाशिकला दिलेल्या. मला त्या आवडत नव्हत्या आणि मी त्यांना आवडत नव्हते, आणि हे माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यातच ठरून गेलं होतं. दर मे महिन्यात त्या मुलांना घेऊन माहेरपणाला यायच्या. मी आमटी वाढली की चव न घेताच त्यात मीठ टाकायच्या, सगळ्यांच्या देखत. माझी लग्नातली मोतिया रंगाची साडी त्यांनी एका बारशासाठी नेसायला नेली आणि तिचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तुला तो रंग शोभतच नव्हता." चाळीच्या नळावर त्या बायकांना आपल्या सासरचं सांगायच्या. आमची गिरणी, आमचं दुमजली घर, आमच्याकडे पाहुणा आला की आठ आठ दिवस हलत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "इथे दोन खोल्यांत जीव घुसमटतो बाई."

हे दुमजली घर सासूबाईंनी बघितलेलं नव्हतं. वन्संचं लग्न कार्यालयात झालं होतं आणि त्यानंतर सासूबाई लेकीकडे जायचं म्हणाल्या की दर वेळी काहीतरी निघायचं. कधी घर रंगवायला काढलेलं, कधी थोरल्या जावेचं बाळंतपण, कधी गिरणीचं काम. सासूबाई ते सगळं खरं मानायच्या. मीही मानायची. माझा राग निराळ्या गोष्टींवर होता, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्या वर्षी वन्सं भाऊबीजेला एकट्याच आल्या. मुलांना तिकडेच ठेवलं होतं. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि मी भांडी आवरत असताना दारात ॲम्बॅसेडरवाले काका उभे राहिले. ते टोपी हातात घेऊन सरळ मला म्हणाले, "टीचर, येका गोष्टीचा इचारायचा राहिला. त्या लॉजवर गाडी आत लावाला जागा हाय ना? न्हायतर मी गाडीतच झोपन."

मी म्हटलं, "जागा आहे." ते गेले.

वन्सं पाटावरून उठल्या नाहीत. "कुठल्या लॉजवर?"

यांनी सुपारी कातरायला घेतली. उत्तर मलाच द्यावं लागलं. "नाशिकच्या. आम्ही तिथे उतरणार आहोत."

"मी नाशकात असताना?"

"तुमच्या घरी उगाच गर्दी कशाला."

"गर्दी?" त्या सासूबाईंकडे वळल्या. "ऐकलंस आई? सख्खा भाऊ माझ्या गावात येणार आणि लॉजवर झोपणार. माणसं विचारतील, बहीण मेली का?"

मी म्हटलं, "माणसांना कळेलच कसं? तुम्ही सांगितलंत तरच."

ते मी बोलायला नको होतं असं सगळ्यांच्या तोंडावर दिसलं. मला मात्र बोलून बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेलं ते पहिलं उत्तर होतं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडायच्या नाहीतच, ठरवून टाकायच्या. "आपण सगळे जाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी आहेच. ताईला एसटीनं कशाला पाठवायचं? तिला घेऊन जाऊ आणि तिच्याच घरी उतरू. मला लेकीचं घर बघायचंय. आता माझं वय झालं."

मी वन्संकडे बघत होते, कारण त्या जिंकल्या होत्या आणि जिंकल्यावर त्या माझ्याकडे बघायच्या. त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही. ओवाळायच्या ताटातल्या सुपाऱ्या एका बाजूला सारत त्या म्हणाल्या, "बघ बाई. तुला गाडी लागेल."

"लागली तर लागली," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे महिनाभर नकाशावर बोट फिरवून मी जी सहल ठरवली तिच्यात आता माझी सासू होती, माझी नणंद होती आणि लॉज नव्हतं. त्या रात्री मी यांना म्हटलं, "मी येत नाही. तुम्ही जा तुमच्या माणसांना घेऊन." हे म्हणाले, "खोली सांगितलेली आहे ती राहू दे. बघू." या वेळी मात्र त्या "बघू"चा मला आधार वाटला. मी बॅग भरली.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी चाळीपाशी आली तेव्हा जागेवरून सुरुवात झाली. हे पुढे काकांशेजारी बसले. मागे आम्ही तिघी. सासूबाईंना वारा हवा म्हणून त्या एका खिडकीला. वन्संना गाडी लागते म्हणून त्या दुसऱ्या खिडकीला. मी मधे, मांडीवर फराळाच्या डब्याची पिशवी. फाटक ओलांडलं, मिठागरं मागे पडली, काशिमिऱ्याला वळून घोडबंदर रस्त्याला लागलो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला झाडांमधून दिसणारी खाडी, असा तो रस्ता आहे असं मला काकांनी सांगितलं होतं. मला दिसलं ते वन्संच्या अंबाड्यातलं शेवंतीचं फूल आणि सासूबाईंनी वारा लागतो म्हणून काचेवर धरलेला पदर.

"वारा हवा म्हणून बसलात ना आई खिडकीला?" मी विचारलं.

"हवा तेवढाच हवा," त्या म्हणाल्या.

ठाणं गेलं, भिवंडी गेली. एकदा काकांनी आरशातून मागे बघून विचारलं, "टीचर, गाना लावू? रेडिओ हाय." वन्सं म्हणाल्या, "नको. डोकं दुखतंय." मी म्हटलं, "लावा." काकांनी दोघींकडे बघून हात परत चाकावर ठेवला.

शहापूरला चहाला थांबलो. हे आणि काका टपरीपाशी उभे राहिले, सासूबाई गाडीतच बसल्या. वन्सं माझ्याजवळ आल्या. आपणहून त्या माझ्याजवळ कधीच येत नसत.

"तुझी खोली सांगितलेली आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग ती वाया कशाला घालवायची? तुम्ही दोघं लॉजवर उतरा. आईलाही न्या. घरी दाटी होईल. तू म्हणतेस ते बरोबर आहे."

लग्नानंतर मी बरोबर असल्याचं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला फक्त एवढं कळलं की वन्संना आम्ही घरी नको आहोत. का नको ते मला माहीत नव्हतं. पण ज्या बाईनं दर मे महिन्यात सगळ्यांसमोर मला खाली बघायला लावलं, तिला काहीतरी नको आहे एवढं मला पुरेसं होतं.

"छे," मी म्हटलं. "आठ आठ दिवस पाहुणे राहतात म्हणता तुमच्याकडे. आम्ही तर दोन रात्री. तुमच्याच घरी उतरू. आईंची किती इच्छा आहे."

त्यांनी चहाचा पेला अर्धाच पिऊन टाकून दिला.

कसाऱ्याचा घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला वन्संना उलटीची उबळ आली. काकांनी गाडी कठड्याशी घेतली. त्या उतरल्या, कडेला बसल्या. हे पाण्याचा तांब्या घेऊन धावले. मी दुसऱ्या बाजूनं उतरले आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले. मला लाज वाटली नाही. मी बघितलं.

खाली दरी होती, अजून हिरवी, आणि तिच्या तळातून आगगाडीचा रूळ एका बोगद्यात शिरत होता. डोंगराच्या काळ्या भिंती एकामागून एक मागे सरकलेल्या. जिकडून आम्ही आलो तिकडे नुसतं धुकट पांढरं होतं. समुद्र दिसत नव्हता. शाळेत परत गेल्यावर त्या मुलीला हे सांगता येईल, असं मनात आलं.

मागून सासूबाईंचा आवाज आला. "नणंद तिथे मरतेय आणि ही देखावे बघतेय."

मी परत गाडीशी गेले. वन्सं पदरानं तोंड पुसत येत होत्या. त्या खिडकीत शिरायच्या आत मी शिरले.

"सरक आत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मधे बसा. मधे कमी हलतं."

"मला गाडी लागते, तुला ठाऊक आहे."

"मला दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही गाडी मी ठरवली. हा रस्ता बघायला मी निघाले. घोडबंदरपासून मी तुमचं फूल बघत आलेय."

हे म्हणाले, "अगं, बस ना मधे, थोडा वेळच..." आणि मी यांच्याकडे असं बघितलं असणार की हे पुढचं बोलले नाहीत. शेवटी काकाच बोलले. ते उत्तनकरांच्या ठसक्यात, पण आवाज न चढवता म्हणाले, "बायांनो, भांडान करायचा तर भायेर करा. गाडीत न्हाय. मना घाट चढायचा हाय." मग यांनी पुढची सीट वन्संना दिली आणि स्वतः मागे मधे येऊन बसले. उरलेला घाट मी खिडकीतून बघितला. इगतपुरीला हवा खरंच बदलली. कोरडी, पातळ, अंगाला न चिकटणारी. भाताच्या खाचरांनंतर मोकळं रान सुरू झालं. फळ्यावर मी जे लिहायची ते सगळं तिथे होतं, आणि माझ्याशेजारी माझा नवरा मान खाली घालून बसला होता.

नाशिकमध्ये शिरल्यावर काकांनी विचारलं, "कुठं घ्यायची?"

वन्सं पुढून म्हणाल्या, "आधी लॉजवर सामान टाकू."

"आधी घरी," सासूबाई म्हणाल्या.

"आई, दमलीस तू. उद्या सकाळी..."

"घरी."

वन्संनी रस्ता सांगितला. डावीकडे, पुढे, देवळाशी वळा. आवाजात काही उरलं नव्हतं. गाडी एका अरुंद गल्लीत थांबली. दुमजली घर खरंच होतं. खाली गिरणी होती, तीही खरी. गिरणीचा पट्टा फडफडत होता, दारात दळणाचे डबे रांगेत लावलेले, आणि सगळ्यांवर पिठाची पांढरी साय. वरच्या गॅलरीत एक जाड बाई उभी होती. वन्संच्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग वन्संकडे, मग आमच्याकडे.

"आलीस?" त्या वरूनच म्हणाल्या. "ही एवढी मंडळी कोण?"

"आई आहे माझी. आणि भाऊ, भावजय."

"आधी विचारायची पद्धत असते. वर आमचे पाहुणे आहेत. तुझ्या खोलीत बसव त्यांना, जागा असेल तर. आणि गिरणीवर ये आधी, तुझा नवरा सकाळपासून एकटा आहे."

ती खोली गिरणीला लागून होती. मधे फळ्यांची भिंत. आत शिरलो तर यंत्राच्या धडधडीनं फडताळातली भांडी वाजत होती. एक खाट, एक ट्रंक, दोरीवर बाहेर खेळायला गेलेल्या मुलांचे कपडे, सगळ्यावर पीठ. वन्संचे यजमान गिरणीच्या बाजूनं डोकावले. त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या. त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि "दळण सोडता येत नाही हो," म्हणून परत गेले. वन्सं स्टोव्हला पंप मारायला बसल्या. स्टोव्ह पेटेना. कुणी बोललं असतं तरी यंत्रापुढे ऐकू आलं नसतं.

सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली, मग उठल्या आणि यांना म्हणाल्या, "चल. लॉज कुठेय तुझं?"

लोक अशा जागी सांगतात की मग मला वाईट वाटलं, माझं मन बदललं. माझं बदललं नाही. मला आनंद झाला होता. त्या खोलीत उभी राहून मला नळावरचं "दोन खोल्यांत जीव घुसमटतो" आठवत होतं आणि मी मनात म्हणत होते, बरं झालं. त्यांना तिथे राहावं लागतं याचं दुःख मी करायला पाहिजे होतं, असं मला पुढे बऱ्याच जणींनी सांगितलं. त्या सगळ्यांच्या आमटीत कुणी मीठ टाकलेलं नव्हतं.

लॉजच्या खोलीत सासूबाईंसाठी एक जादा गादी मिळाली. त्या जेवल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपल्या. सकाळी मी जागी झाले तेव्हा लॉजचा माणूस चहाची किटली घेऊन दारात उभा होता. मी तो चहा गॅलरीत बसून प्यायले. चहा गोडमिट्ट होता, तरी मी दोन कप प्यायले.

काका खाली गाडी पुसत होते. मी खाली उतरले तर गाडीच्या पलीकडे वन्सं उभ्या. अंगावर चांगली साडी, डोळे सुजलेले. मला वाटलं, त्र्यंबकला यायला निघाल्या. त्या तशा आल्या नव्हत्या.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं. "हेच हवं होतं ना तुला?"

"मला त्र्यंबक हवं होतं आणि धरण. घरी चला असं मी म्हटलं नव्हतं. भाऊबीजेपर्यंत तर मी लॉजच म्हणत होते."

"शहापूरला मी तुझ्या पाया पडायची बाकी होते."

"पाया पडला नाहीत. खोली वाया जाईल म्हणालात."

त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "आता चाळभर सांगशील."

माझ्या तोंडात "नाही" आलं होतं. ते मी बाहेर येऊ दिलं नाही. म्हटलं, "सांगेन की नाही ते तुमच्यावर आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. तो नुसता राग नव्हता. राग तर आमच्यात रोजचाच होता. मग त्या वळून गल्लीत गेल्या. आईला भेटल्यासुद्धा नाहीत. काका सगळा वेळ पलीकडच्या चाकापाशी उकिडवे बसून होते. मी गाडीत बसले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "निघायचा?"

त्र्यंबकचा रस्ता सुंदर होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवसाचं सगळं कडू होतं असं कुणाला वाटू नये. कापणी झालेल्या भाताची खोडकं, मधे नागलीची, म्हणजे आमच्या नाचणीची, शेतं, आणि उजवीकडून डावीकडे नजर नेली तरी न संपणारा अंजनेरीचा सपाट माथा. पुढे ब्रह्मगिरी. आम्ही कुशावर्तावर पाय धुतले, सासूबाईंनी दर्शन घेतलं. नदीचा उगम म्हणून मी वर्गात जे निळ्या खडूनं काढायची ते पाणी माझ्या घोट्याला लागत होतं आणि थंड होतं.

येताना धरणावर थांबलो. केवढं पाणी, आणि त्याला वास नव्हता. भाईंदरला पाणी म्हटलं की खाडी, चिखल, मिठाचा पांढरा थर. इथे वारा यायचा तो नुसता वारा. मी बंधाऱ्यावर चालत गेले. सासूबाई माझ्या मागून आल्या.

"तू मुद्दाम केलंस," त्या म्हणाल्या.

"मी काय केलं आई?"

"हे लॉजचं खूळ तू काढलंस. ते काढलं नसतंस तर गाडीच झाली नसती. मी आले नसते. मला काही कळलं नसतं."

"मग वन्सं तिथेच असत्या. फक्त तुम्हाला माहीत नसतं."

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. "मला माहीत नसतं." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "वर्षातून एकदा येते पोर माझी. खोटं बोलते तर बोलू दे. तुझं काय जात होतं?"

मी म्हटलं, "माझं जात होतं. दर मे महिन्यात जात होतं. ते तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही निमूट आमटी परत मागून घेत होता."

तेवढ्यात हे आले. दोघींच्या मधे उभे राहिले. मला वाटलं, आता "बघू" म्हणतील. हे म्हणाले, "आई, पुरे. गाडीत बस." आणि मला म्हणाले, "तूही." एवढंच. लग्नानंतर यांनी आम्हा दोघींना एका वाक्यात बसवलं ते तेव्हाच. मला ते आवडलं नाही आणि सासूबाईंनाही नाही.

पांडवलेणी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या घरी चला, आणि आम्ही घाट उतरलो. उतरताना मी खिडकीला होते. मागायला लागलं नाही.

चाळीत पोचलो तेव्हा बायका नळावर होत्या. शेजारणीनं विचारलं, "काय, बघितलं का लेकीचं घर?"

सासूबाई गाडीतून उतरत होत्या. एक पाय खाली, एक वर. त्या म्हणाल्या, "हो. मोठं आहे. दुमजली. सोडतच नव्हती आम्हाला."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "हो, गिरणीही मोठी आहे." आणि आत जाऊन दूध तापवायला ठेवलं. मी हे दयेनं केलं नाही. बाहेर सांगितलं असतं तर ते चाळीचं झालं असतं. न सांगितल्यामुळे ते माझ्याकडे राहिलं.

पुढच्या मे महिन्यात वन्सं आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी आल्या, मुलांना घेऊन. पहिल्याच दुपारी मी त्यांच्यापुढे ताटात गवार ठेवली आणि म्हटलं, "वन्सं, एवढी निवडून द्या." सासूबाईंनी मान वर केली. वन्संनी गवार निवडली. त्या उन्हाळ्यात आमटीत कुणी वरून मीठ टाकलं नाही, आणि नळावर दुमजली घराचं बोलणंही निघालं नाही. मुलं खेळायची, हे कारखान्यात जायचे, आणि आम्ही तिघी बायका एका घरात काम करत राहायचो. कामापुरतं बोलायचो.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी कोल्हापूर ठरवलं, पन्हाळा आणि जोतिबासकट. काकांनी आधीच सांगून ठेवलं, "टीचर, मानसा कमी आना." आम्ही दोघंच गेलो. कुठे उतरणार, हे घरात कुणी विचारलं नाही.

वन्संचे यजमान बऱ्याच वर्षांनी वेगळे निघाले, त्यांनी नाशिकच्या उपनगरात दोन खोल्या घेतल्या. वास्तुशांतीला आम्ही गेलो. वन्सं सगळ्यांना घर दाखवत होत्या. मला दाखवलं नाही, मीही मागे गेले नाही. जेवताना त्या वाढायला आल्या. माझ्या पानाशी थांबल्या, शेजारच्या बाईकडे बघत म्हणाल्या, "यांना विचारा, आणखी काय वाढू?" मीही त्या बाईलाच सांगितलं, "नको म्हणावं, पुरे झालं." अजूनही लग्नकार्यात भेटलो तर आम्ही अशाच बोलतो.